आधी पाणी

घणसोली गावठाणातल्या आमच्या घराचे पत्रे
शेवटी या चैत्रात उतरवायचे ठरले.
एकवीस पत्रे, सिमेंटचे, बाबांनीच चढवलेले,
शेवाळाने काळे पडलेले.
एकावर अजून माझ्या भावाची चप्पल,
तो पाचवीत असताना चिंचेवर मारलेली.

कंत्राटदाराने दोन पोरं पाठवली, नांदेडकडची.
शिडीवर एक, खाली घण घेऊन एक.
"नट सोडवत बसलो तर दोन दिवस जातील ताई,
फोडून टाकतो. तासाभरात मोकळं."

बाबा आत, खिडकीशी.
नाकात नळी, पायाशी यंत्राची घरघर.
पलंगापासून मोरीपर्यंत सात पावलं,
मध्ये एकदा चौकट धरून थांबायचं,
एवढाच आता त्यांचा प्रवास.

गोदीत तेहतीस वर्षं. फिटर.
लढाऊ जहाज धक्क्याला लागलं की हे खाली,
बॉयलर रूममध्ये, पाइपांच्या आतड्यांत.
वाफेच्या पाइपांवरचं जुनं लॅगिंग छिन्नीनं खरवडायचं,
नवं पाण्यात कालवून हातानं लिंपायचं,
चुलीला पोतेरं द्यावं तसं.
हातबत्तीच्या झोतात भुकटी तरंगायची.
"बघत रहावं असं दिसायचं," बाबा सांगतात.
दगडाचा कापूस म्हणत तिला.
दत्तू शेलार तिचे ओले गोळे करून
लुईस चार्जमनच्या पाठीत हाणायचा.
दुपारी तिच्याच पोत्यांवर बसून डबे उघडायचे,
सुक्या बोंबलावर बसलेली फुंकून टाकायची
आणि जेवायचं.

दत्तू गेला. लुईस वसईला, तोही गेला.

त्या कापसाच्या विणीचा एक जाड तुकडा
बाबांनी घरीही आणला होता.
आई त्यानं तवा उतरवायची, अकरा वर्षं.
हात अजिबात भाजत नाही, सांगायची आळीत;
दोघीजणी मागून घेऊन गेल्या.
आई कशानं गेली, कुणी तपासलं नाही.
खोकायची.
तेव्हा सगळेच खोकायचे.

भरपाईच्या अर्जाला उत्तर आलं:
सदर कर्मचाऱ्याच्या सेवापुस्तकात
अशा पदार्थाची नोंद आढळत नाही.
नोंद आहे ती बुटांची.
दर दोन वर्षांनी एक जोड, मिळाल्याची सही.
सही बाबांचीच आहे, मी ओळखते.

घण वर गेला
आणि दारात बाबा.
नळी काढून ठेवलेली.
आठवं पाऊल, नववं, ओट्याची पायरी,
मी मोजत होते, धावायचं सोडून.

"थांब."
मग बराच वेळ नुसता श्वास.
"आदी पानी मार.
मंग नट सोर.
फोरू नको."
पुन्हा श्वास.
"तोंडाला फरका बांध, पोरा."

पोरगा हसला. "पत्राच आहे ना काका."
बाबांनी समजावलं नाही काहीच.
कढीपत्त्याला घालायचा हिरवा पाइप उचलला
आणि स्वतः पाणी मारायला लागले,
पहिल्या पत्र्यावर, दुसऱ्यावर,
बोटानं धार पसरट करत, एक कोपरा न सोडता.
तेहतीस वर्षांत एकदाही
त्यांना कुणी म्हणालं नव्हतं
थांब.

नट गंजलेले होते. दोन दिवस गेले, मजुरी वाढली.
माझ्या जुन्या ओढणीचे दोन तुकडे पोरांच्या तोंडाला.
पत्रे अख्खे उतरले, ओले,
प्लास्टिकमध्ये गुंडाळून टेम्पोत गेले.
कंत्राटदार म्हणाला, खोल पुरतो ताई, काळजी सोडा.
पावतीसुद्धा दिली.

वीसेक दिवसांनी, महापे रस्त्याला,
एका नव्या चहाच्या टपरीवर पत्रा दिसला,
काळा शेवाळी, आणि त्यावर
चपलेच्या आकाराची एक फिकट जागा.
खाली बाई पाव तळत होती,
तिचं मूल बाकावर झोपलेलं.
वर पत्र्याला भोकं पाडणं चालू होतं,
कोरड्यातच.

मी रिक्षा थांबवली.
उतरले की नाही, हे मी घरी सांगितलेलं नाही.

बाबा रोज विचारतात, "पुरलं ना?"
मी म्हणते, हो.
ते मान हलवतात
आणि यंत्राचं बटण दाबायला हात लांब करतात.